ऑटो एसी बिघडलाय? गॅस भरण्याआधी हे बघा

गाडीचा ऑटो एसी, म्हणजे ठरवलेलं तापमान स्वतःच राखणारा एसी, नीट चालेना झाला की सातारा-सांगलीत पहिला सल्ला ठरलेला: गॅस भरून घ्या. पण गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. ऑटो एसी चालतो चार-पाच सेन्सरच्या भरवशावर. त्यातल्या एकाने चुकीचं सांगितलं तर गॅस पुरेसा असूनही गाडीत उकडतं, नाहीतर हुडहुडी भरते.

सर्वांत जास्त घोळ उन्हाच्या सेन्सरचा. समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर छोटं काळं बोंड असतं, ते हे. मखमली कव्हर, गणपतीची मूर्ती, तिच्यापुढचा हार, कसलीशी पावती, काहीही त्यावर आलं की गाडीला सावली वाटते आणि ब्लोअर मंदावतो. मूर्ती चार बोटं सरकवली तरी काम होतं.

ऊन कुठल्या अंगाला येतं तेही बघा. सकाळी सांगलीहून कराडमार्गे साताऱ्याला निघालात की ऊन उजवीकडून, आणि संध्याकाळी परतताना मावळतीचं ऊनही उजवीकडूनच. म्हणजे दोन्ही वेळा चालक भाजतो. एकाच झोनची, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळं तापमान ठेवता न येणारी गाडी ऊन दिसलं की सगळीकडचंच कूलिंग वाढवते, मग डावीकडचा माणूस कुडकुडतो. अशा वेळी तापमानाला हात लावू नका. डावीकडचा झरोका छताकडे वळवा.

आतलं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीमागे असतो. छोटा पंखा किंवा नळी तिथून हवा ओढते. एसी चालू ठेवून टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा जाळीला लावा. चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर जाळी धुळीने तुंबलीय, नाहीतर पंखा बंद आहे किंवा नळी निसटलीय. सेन्सर मग डॅशबोर्डमागची कोंडलेली गरम हवा मोजतो आणि गाडी बर्फासारखी होते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्यांनी मऊ ब्रशने ही जाळी झाडावी, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टरही तेव्हाच बघावा. गॅरेजातल्या कॉम्प्रेसरची जोराची हवा मात्र मारू नका, धूळ आणखी आत जाते.

बाहेरचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. बंपरचं काम झाल्यावर एसी थंड करेनासा झाला तर आधी त्याचा प्लग बघा. उष्णता वाढली की याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. प्लग सुटला की रोध अफाट वाढतो, गाडीला बाहेर कडाक्याची थंडी आहे असं वाटतं आणि एसीचा कॉम्प्रेसर लागतच नाही. स्क्रीनवर उणे ४० किंवा नुसत्या रेघा दिसल्या तर खूण पक्की.

आता माणसांचं. टोयोटाची एस-फ्लो प्रणाली रिकाम्या पुढच्या सीटकडचा वारा आवरते, काही महागड्या गाड्या इन्फ्रारेडने अंगाची उष्णता जोखतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना किती जण बसलेत हे एसीपुरतं कळत नाही. बसल्या जागी एक माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे पाच जणांची अर्धा किलोवॉट, वर श्वासाची वाफ. सेन्सर पुढे, म्हणून मागचे घामाघूम. गाडी भरलेली असेल तर २४ऐवजी २२ ठेवा आणि पुढचे मधले झरोके मागच्या सीटकडे वळवा. आतलीच हवा तासभर फिरत राहिली तर कार्बन डायऑक्साइड साठून चालकाला जडपणा येतो. खंबाटकी घाट चढण्याआधी बाहेरची हवा पाचेक मिनिटं आत घ्या.

पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर काच धूसर झाली की आधी बोट फिरवून बघा. वाफ आतून असेल तर एसी चालू, बाहेरची हवा सुरू आणि वारा काचेवर. बाहेरून असेल तर काच जास्त गार झालीय: वायपर फिरवा, वारा पायांकडे वळवा, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा.