पावडरीआधी पाण्याची पारख

धुतलेले टॉवेल वाळल्यावर पुठ्ठ्यासारखे कडक होऊ लागले, तेव्हा मी कितीतरी दिवस पावडरीच बदलत राहिले. खरे कारण मात्र पाण्यात होते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तोच धाग्यांत अडकून बसतो. अशा पाण्यासाठी झिओलाइटसारखा पाणी मृदू करणारा घटक असलेली पावडरच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये पाणी कमी असते, म्हणून तिथे कमी फेसाची पावडर हवी. फेस वाढला की कपडे एकमेकांवर नीट घासले जात नाहीत. रक्ताच्या डागांवर पावडरीतले प्रोटीएज हे विकर (प्रथिने तोडणारे एन्झाइम) उपयोगी पडते, परंतु उकळत्या पाण्यात ते निकामी होते.