स्पिनिंग रॉडवर बनावट माशी: ओढ्यावरचे दोन दिवस

फ्लाय रॉड (बनावट माशी फेकायची खास काठी) नव्हता, शिकायला वेळ नव्हता, आणि ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) धरायचा हट्ट काही सुटत नव्हता. शेवटी होता तोच ७ फुटी हलका स्पिनिंग रॉड आणि छोटं रील घेऊन मित्राबरोबर डोंगरातल्या एका ओढ्यावर दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी भोपळा, दुसऱ्या दिवशी चार मासे. फरक माशीचा नव्हता, फेकीचा होता.

बनावट माशी म्हणजे गळाला गुंडाळलेली पिसं नि दोरा. वजन असं काही नाहीच. फ्लाय रॉडवाल्यांची दोरीच जाड आणि वजनदार असते, ती फेकली की माशी तिच्यामागून जाते. आपल्याकडे उलटा कारभार: टोकाचं वजन दोरी ओढून नेतं. ते वजन म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा पोकळ फ्लोट वापरतात, त्याला बबल म्हणतात. त्यात पाणी भरायचं. अर्धा भरला तर तरंगतो आणि लांबही जातो. हवा न ठेवता काठोकाठ भरला तर सावकाश बुडतो. मी ०.२० मिमीच्या मुख्य दोरीत बबल ओवला, त्याखाली स्विव्हल (गोल फिरणारी छोटी कडी) बांधलं आणि पुढे दीडेक मीटरचा ०.१६ मिमीचा लीडर, म्हणजे माशी बांधायचा बारीक दोरीचा तुकडा. स्विव्हल गाळू नका. बबल तिथेच अडतो, दोरीला पीळही कमी पडतो. तरंगत्या माशीला लीडर साध्या नायलॉनचा ठेवा. फ्लुरोकार्बन जड असल्याने बुडतो.

पहिल्या सकाळी एक मासा डोहात वर येऊन किडे टिपत होता. मी नेम धरून बबल बरोबर त्याच्या डोक्यावर टाकला. डुबुक! तो मासा गेला, आसपासचेही गेले. वर लीडर बबलभोवती गुंडाळून परत आला. मी दिवसभर माश्या बदलत बसलो. संध्याकाळी मित्र म्हणाला, "माशीला कशाला बोल लावतोस? तू पाण्यात दगड मारतोयस."

रात्री त्यावर बराच वेळ बोललो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं तिकडूनच वाहत येतं. म्हणून खालच्या अंगाने, वाकून, त्याच्या मागून जायचं. फेक त्याच्यापासून तीन-चार मीटर वरच्या बाजूला आणि थोडी पलीकडे. बबल तिथे पडू द्यायचा, मग हळूच ओढून माशी त्याच्या रेषेत आणायची आणि वाहू द्यायची. आवाज होतोच, पण दूर होतो.

दुसरी युक्ती बोटाची. झटका देऊन फेकू नका, रॉड सावकाश फिरवा. बबल पाण्याला टेकणार एवढ्यात तर्जनीने स्पूलच्या (रीलवरच्या दोरी गुंडाळलेल्या चकरीच्या) कडेवर दोरी दाबून धरा. बबल हवेतच अडखळतो, लीडर उलगडत पुढे जातो आणि माशी बबलच्या पलीकडे उतरते. हे जमलं आणि गुंते जवळपास बंद झाले. गवतावर अर्धा तास सराव केला तरी पुरे (त्या वेळी गळ कापून टाका, नाहीतर कान जाईल).

माशी वाहताना रॉडचं टोक उंच धरून फक्त ढिली दोरी गुंडाळायची. माशीमागे पाण्यावर रेघ उठली की मासा बहुधा तोंड फिरवतो. संध्याकाळी कॅडिस (पाण्याकाठचे पतंगासारखे किडे) उडत असतील तेव्हा मात्र जराशी फरफट चालते. माझे तीन मासे तसेच, १४ नंबरच्या गळावर बांधलेल्या एल्क हेअर कॅडिस नावाच्या तरंगत्या माशीवर आले. लाल ठिपक्यांचे ब्राउन ट्राउट, वीतभर. चौथा धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात निंफवर, म्हणजे पाण्याखाली चालणाऱ्या बुडत्या माशीवर. तिथे बबल काढून माशीच्या ३० सेंमी वर शिशाचा एक बारीक मणी चिमटला होता. दोरी थबकली की ओढायचं. जोराचा हिसका नको, ०.१६ तुटतो.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. सोडताना मासा पाण्यातच राहतो. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर गळ टाकूच नका. दमलेला मासा सोडला तरी जगेल याचा भरवसा नसतो.

आणि परवाना नीट वाचा. "फक्त फ्लाय" लिहिलेल्या पट्ट्यात काही ठिकाणी नियम माशीपुरता असतो, काही ठिकाणी रॉड-रीलसकट सगळ्या साहित्याला लागू होतो. सगळ्यात सुंदर डोह आमच्या हातून असाच गेला. पाटी वाचली, मुकाट्याने पुढे चालू लागलो.

शेवटच्या डोहात एक मोठा मासा खालून सावकाश वर आला. माशीकडे ढुंकूनही न बघता त्याने बबललाच तोंड लावलं, आणि तितक्याच सावकाश खाली गेला. त्यानंतर गाडीपर्यंतच्या वाटेत मित्राला हसू आवरेना.