दोन घ्या

बिघडलेली हार्ड डिस्क घेऊन येणारं गिऱ्हाईक दारातच ओळखू येतं. मोबाइलवाला मोबाइल हातात नाचवत येतो, लॅपटॉपवाला पाठीवर टाकून. डिस्कवाले मात्र ती टॉवेलात, स्वेटरात, एकदा तर बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आणतात. पडायच्या आधी घ्यायची ती काळजी पडल्यानंतर.

ऐरोलीच्या काकांनी ती पोळीच्या डब्यात आणली होती. खाली रुमाल, वर रुमाल. "साहेब नाहीत का?" काकूंनी विचारलं. "अगं, ह्याच," काका म्हणाले. नौपाड्यातलं हे डेटा रिकव्हरीचं दुकान मी अकरा वर्षं चालवते आहे. साहेब अजून आलेले नाहीत.

काका बँकेतून निवृत्त झालेले, पक्ष्यांचे फोटो काढणारे. ठाणे खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. काका २०१०पासून तिथल्या चिखलाच्या काठाला उभे आहेत. फ्लेमिंगोला ते रोहित म्हणतात आणि आपण फ्लेमिंगो म्हटलं की हळूच दुरुस्त करतात. डिस्कवर २०१० ते २०१६चे फोटो होते, सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फाइलींमध्ये. रात्री ती लॅपटॉपला लावलेली असताना नातवाचा पाय केबलीत अडकला. टेबलावरून फरशीवर, अडीच फूट.

बंद असलेली डिस्क एवढ्यावरून पडली तर बऱ्याचदा वाचते, कारण तिची हेडं, म्हणजे डेटा वाचणारी-लिहिणारी टोकं, डेटा साठवणाऱ्या तबकडीपासून दूर, कडेच्या उतारावर उभी असतात. चालू डिस्कचं तसं नाही. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेत असते आणि हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड. यावरून काय ते समजा.

त्यानंतर भाचा. भाचा आयटीत आहे, आणि माझ्या धंद्यातली निम्मी नासाडी आयटीतल्या भाच्यांनी केलेली असते. डिस्क टकटक वाजत होती तरी त्याने दोन दिवस ती पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मध्येच ती दिसली, तर तेवढ्यात चेकडिस्क चालवलं, विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे मोडल्या पायाच्या माणसाला चालायला लावणं. वर ते फाइलींच्या नोंदी आपल्या समजुतीप्रमाणे बदलतं. पुढचा उपाय डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा होता. तो काकूंनी हाणून पाडला, कारण फ्रीझरमध्ये सुरमई होती. ठाण्याच्या पावसाळी हवेत गार डिस्क बाहेर काढली की आतबाहेर दव धरतं. सुरमईने काकांचे फोटो वाचवले असं मी म्हटलं तर कुणी हसू नये.

"दुसरी प्रत कुठे आहे?" हा माझा पहिला प्रश्न असतो. काकांनी पिशवीतून दुसरी डिस्क काढली. तेच मॉडेल, तोच निळा रंग. मला हायसं वाटलं. मग तिच्यावरची चिठ्ठी वाचली: भाग २. पडलेलीवर भाग १ होतं.

"यात २०१७पासूनचे आहेत," काका म्हणाले. "पहिली वेगळी. तुम्हीच सांगितलं होतं ना, दोन घ्या." आणि पाकिटातून माझंच कार्ड काढून समोर ठेवलं. दोन वर्षांपूर्वी मेमरी कार्डावरून चुकून पुसलेले फोटो काढून घ्यायला ते आले होते. जाताना विचारलं होतं, चांगली पोर्टेबल डिस्क कुठली. कार्डाच्या मागे माझ्या अक्षरात कंपनी, मॉडेल, २ टीबी. खाली, अधोरेखित: दोन घ्या.

दोन्हींवर तेच ठेवा, हे तीन शब्द लिहिले नव्हते. मला ते लिहिण्यासारखे वाटलेच नसावेत.

आधी मूळ फोटो जुन्या कॉम्प्युटरवर आणि डीव्हीडींवर होते. कॉम्प्युटर भंगारात गेला. डीव्हीडी कबुतरं पळवायला गॅलरीत टांगल्या. मी म्हटलं, आहेत तेवढ्या आणा. काकूंनी दुसऱ्या दिवशी सोळा आणल्या. उन्हाने त्यातला रंग मेलेला. मनीप्लांटच्या आड सावलीत लटकलेल्या दोनच वाचल्या गेल्या.

डिस्क उघडली ती गाळलेल्या हवेच्या टेबलावर. तबकड्यांवर ओरखड्याचं कडं दिसलं नाही, हे नशीब. चारपैकी एका हेडाचं टोक वाकलं होतं. हेडांचा अख्खा संच बदलावा लागणार, म्हणजे डोनर डिस्क हवी, जिची हेडं काढून हिला लावायची. नुसतं मॉडेल जुळून भागत नाही. फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या आतला प्रोग्राम, हेडांची संख्या, बनल्याचा महिना, कारखाना, जितकं जुळेल तितकं बरं. कारण एकाच नावाच्या खोक्यात कंपन्या दर काही महिन्यांनी आतला माल बदलतात आणि खोक्यावर तसं लिहीत नाहीत. लॅमिंग्टन रोडला तीन फोन केले. एकाकडे मॉडेल होतं, पण आत दोनच हेडं.

आणि टेबलावर समोर भाग २ पडली होती. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली. महिना तोच, कारखाना तोच, फर्मवेअर तेच. इतका जुळणारा डोनर मला अकरा वर्षांत तीन-चारदाच मिळाला असेल.

काकांना सांगितलं: आधी ही पूर्ण उतरवून घेते, दोन जागी. पडताळून पाहते. मग ही फोडते. ही पुन्हा चालणार नाही, आणि पहिलीचं काय होईल त्याची हमी नाही. काका काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "ज्यांची चालू आहे त्यांचीच किडनी काढायची म्हणता?" एवढं नेमकं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला समजावू शकले नसते.

१.६ टीबी उतरवायला पाच तास लागले आणि तितकेच पडताळायला. फाइल उघडून बघणं म्हणजे पडताळणं नव्हे. दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून जुळवायचा. हे न करता मूळ डिस्क फोडणारे लोक या धंद्यात आहेत. कोण ते सांगत नाही, स्टेशनच्या दोन्ही बाजूंना आहेत.

हेडं काढताना ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कंगव्यासारखं एक बारीक प्लास्टिक मध्ये सरकवतात. त्या पाच मिनिटांत मी श्वासही जपून घेते. बोर्डाचं वेगळंच दुखणं. हल्लीच्या कित्येक पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचं तोंड थेट बोर्डावर जोडलेलं असतं. ते मोडलं की खोकं उघडून साध्या डिस्कसारखी लावता येत नाही. काहींत तर पासवर्ड ठेवला नसला तरी डेटा बोर्डातच कुलूपबंद होऊन तबकडीवर जातो. ही त्या कुलूपबंद डिस्कांतली नव्हती, पण यूएसबीचं तोंड बोर्डावरच होतं. साध्या डिस्कसारखा लावता येणारा साटा बोर्ड शोधून त्यावर मूळची रॉम चिप उतरवली, कारण त्या एका डिस्कची खास मापं त्या चिपमध्ये असतात. बोर्डाचे संपर्क खाडीच्या हवेने काळे पडले होते. ते शाळेच्या खोडरबराने साफ केले. लाखांच्या मशीनशेजारी माझ्याकडे कायम पाच रुपयांचं खोडरबर असतं.

रात्री सव्वाअकराला डिस्क फिरली आणि टकटक न होता उभी राहिली. पहाटे चारच्या सुमारास एक हेड मान टाकू लागलं. ते बंद ठेवून बाकी तिघांवर वाचत राहिले, मग शेवटी त्याला थोडं थोडं राबवलं. ४६,००० फाइलींपैकी सुमारे ४०,००० पूर्ण मिळाल्या. आणखी २,९०० रॉ फाइलींचा मुख्य भाग गेला, पण आतली जेपेग वाचली. कॅमेरा प्रत्येक रॉमध्ये दाखवण्यापुरता एक जेपेग ठेवतो, तो. बाकी गेल्या.

काका घ्यायला आले तेव्हा मी त्यांना समजावलं की डिस्क वाईट नव्हती. चालू असताना पडली तर कुठलीही गेलीच असती. ते ऐकून घेत होते. त्यांना "आता कुठली घेऊ?" एवढंच हवं होतं, आणि सगळ्यांना तेवढंच हवं असतं. काही जण बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीचा तक्ता मोबाइलवर दाखवतात: अडीच लाखांहून जास्त डिस्क, २०२३मध्ये वर्षाला शंभरात दीडच्या आत बंद पडल्या, कुठल्या मॉडेलच्या किती. तो हिशेब खरा आहे, पण त्या साडेतीन इंची डिस्क डेटा सेंटरच्या रॅकमध्ये स्क्रूने बसवलेल्या असतात. त्यांच्या केबलीत नातू अडकत नाही. काही जण दीड हजारात १६ टीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपची डिस्क, मिळाली म्हणून खूश होऊन येतात. आत मेमरी कार्ड निघतं, भरलं की जुन्यावरच लिहीत जातं. खरी एसएसडी पडण्याला घाबरत नाही, म्हणून खाडीवर न्यायला ती. पण वीज न लावता कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची गोष्ट ती नव्हे, आणि तिच्यावरून पुसलेलं मी सहसा परत आणू शकत नाही. कपाटात फिरती डिस्क. आणि तिसरी प्रत घराबाहेर. काकांच्या बाबतीत पुण्याला लेकीकडे.

हे सगळं काकांना बोलून दाखवलं आणि या वेळी लिहूनही दिलं, पूर्ण पानभर. काकूंनी ते वाचून घडी घातली.

ते गेल्यावर जुनी वही काढली. कार्डाच्या मागे नाव लिहून दिलेल्यांची नोंद मी ठेवत नाही, पण कोण कोण विचारून गेलं ते थोडं आठवलं. कळव्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरला फोन लावला. म्हटलं, "दादा, मागे मी तुम्हाला डिस्क सांगितली होती, त्या दोन घेतल्यात ना?"

"हो मॅडम, लगेच घेतल्या," तो म्हणाला. "एक भरली. दुसरी आता चालू केलीय."