इंटेलिजन्स १० आणि हातात आलेलं स्पेलबुक

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचं टेबल चालवणं हे माझं काम आहे. यात प्रत्येकजण एक पात्र घेऊन गोष्टीत खेळतो. सातरस्त्याजवळ एक खोली घेतली आहे, लोक पैसे भरून दर रविवारी येतात, मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणून गोष्ट चालवतो आणि नियमाचा शेवटचा शब्द माझा असतो. या कामात कस लागतो तो कुणीतरी कॅरेक्टर शीट (पात्राचे गुण लिहिलेला कागद) पुढे सरकवून "मला हे बदलायचंय" म्हणतं तेव्हा. त्यातला एक रविवार मी कधी विसरणार नाही.

आमच्या पार्टीतला विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. सोलापूरच्या कुठल्याही मित्रमंडळाला हे नवं नाही. डिग्री हातात पडली की पोरं हिंजवडीची वाट धरतात. जाण्याआधीच्या सेशनमध्ये त्यानं स्वतःच ठरवलं की त्याचा विझार्ड भुयाराचं दार रोखून मागे थांबेल. त्यानं आपलं स्पेलबुक, म्हणजे मंत्रांचं पुस्तक, फायटरच्या (लढवय्याच्या) हातात दिलं आणि बाकीच्यांना पळायला सांगितलं. ती फायटर खेळतात आमच्या ताई. अशोक चौकाच्या बाजूला त्यांचं औषधाचं दुकान आहे.

पुढच्या रविवारी सगळे चौथ्या लेव्हलवरून पाचवीवर चढणार होते. खेळ सुरू व्हायच्या आधीच ताई म्हणाल्या, "मला ही लेव्हल विझार्डची घ्यायची आहे. पुस्तक माझ्याकडे दिलंय त्यानं. ते पिशवीत पडून राहिलेलं मला चालणार नाही."

क्लास म्हणजे पात्राचा पेशा. एकाच पात्रानं दोन घेणं हे मल्टिक्लास झालं, आणि आम्ही खेळतो त्या २०१४च्या नियमांत त्याला अट आहे. जुना आणि नवा, दोन्ही क्लासच्या मुख्य एबिलिटीत (स्ट्रेंथ, इंटेलिजन्स असे गुण) किमान १३ हवेत. विझार्डसाठी इंटेलिजन्स १३. ताईंच्या फायटरचा इंटेलिजन्स १०. चौथ्या लेव्हलला मिळालेले दोन गुण त्यांनी स्ट्रेंथमध्ये टाकून ती १६ची १८ केली होती. ते परत काढून इंटेलिजन्समध्ये घातले तरी १२च होतात. एका गुणानं दार बंद.

आमच्यात रोग (Rogue, म्हणजे चोर) खेळणारा डिप्लोमाचा पोरगा लगेच म्हणाला, "१३चा नियम काढूनच टाका की ओ दादा. आपलं टेबल, आपला नियम."

मला ते पटलं नाही, आणि का ते मी सगळ्यांना सांगितलं. याच खेळाच्या १९७८च्या पुस्तकात माणसाच्या पात्राला क्लास बदलायचा तर जुन्या क्लासच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या गुणात १७ लागायचे. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ती भिंत पडली. पण दोन क्लासच्या लेव्हलमध्ये एकापेक्षा जास्त अंतर पडलं तर अनुभवाच्या गुणांत २० टक्के कपात होऊ शकायची. त्या मानानं आजचे १३ म्हणजे अगदी हलकी अट. आणि आमच्याच टेबलावरच्या पॅलाडिननं पुढे वॉरलॉक (हे आणखी दोन क्लास) व्हायचं म्हणून पहिल्या दिवशी करिझ्मात गुण घातले आणि कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे तब्येत, कमी ठेवलं. त्याची किंमत म्हणून तो प्रत्येक लढाईत लवकर कोसळतो. ताईंना अट माफ केली असती तर त्यानं इतके दिवस मोजलेली किंमत फुकट गेली असती.

मग दुसरी सूचना आली: अख्खं पात्रच रिट्रेन करा, म्हणजे जुन्या निवडी बदला, फायटर पुसा आणि पाचव्या लेव्हलचा विझार्ड लिहा. याला तर मी ठाम नकार दिला. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत रिट्रेनिंगला मोकळा हात आहे. एखादी फीट (पात्राचं खास कसब) साधारण आठवड्याच्या सरावात बदलून घेता येते. पण क्लास बदलता येत नाही, तिथेही नाही. ज्या ढालीमागे ती पार्टी चार लेव्हल जगली, ती ढाल कधी नव्हतीच असं मी कसं सांगू?

शिवाय हिशेबही आतबट्ट्याचाच होता. फायटर चार, विझार्ड एक केलं तर फायटरच्या पाचव्या लेव्हलला मिळणारा जादा हल्ला लांबतो आणि बदल्यात मिळतात जास्तीत जास्त पहिल्या पातळीचे मंत्र. हे सांगितल्यावरही ताईंचा चेहरा हलला नाही. तेव्हा मी विचारलं, "ताई, त्या पुस्तकातलं नेमकं काय हवंय तुम्हाला?"

"त्याचं घुबड," त्या म्हणाल्या.

विझार्डचं ते घुबड पहिल्या सेशनपासून सगळ्यांच्या पुढे उडत जायचं. ते येतं फाइंड फॅमिलियर या मंत्रानं, आणि तो मंत्र रिच्युअल आहे, म्हणजे सावकाश विधी करून म्हणता येणारा. इथे मला वाट दिसली. रिच्युअल कास्टर नावाची फीट आहे, चौथ्या लेव्हलच्या दोन गुणांऐवजी घेता येणारी; तिनं विझार्ड न होताही रिच्युअल करता येतात. तिला इंटेलिजन्स किंवा विस्डम, दोन्हींपैकी एक १३ हवा. ताईंचा विस्डम बरोबर १३ होता.

चौथ्या लेव्हलची ती एकच निवड मी बदलू दिली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८च्या चौथ्या आवृत्तीत दर लेव्हलला एखादी फीट, पॉवर किंवा स्किल बदलायची सोय होती. २०१४च्या पुस्तकात फीटसाठी तशी सोय नाही, म्हणून मी ती तिथून उचलली आणि गोष्टीत आठवडाभराचा सराव लावला. किंमत चोख होती: स्ट्रेंथ १८ची पुन्हा १६, म्हणजे हल्ल्याचा बोनस +७ऐवजी +६, आणि प्रत्येक घावाचं नुकसान एकानं कमी. पाचवी लेव्हल फायटरचीच, त्यामुळे जादा हल्ला शाबूत. स्पेलबुकातले इतर रिच्युअल उतरवायचे तर मंत्राच्या प्रत्येक पातळीला दोन तास आणि सोन्याची ५० नाणी. मॅजिक मिसाइल, शील्ड वगैरे रिच्युअल नसलेल्या मंत्रांची पानं मात्र त्यांच्यासाठी बंदच राहतील, हेही स्पष्ट केलं. ताईंनी रबर मागितलं आणि १८ खोडून १६ लिहिले. गुणांसाठी भांडणारे खेळाडू मी खूप पाहिलेत. इतक्या आनंदानं गुण सोडणारं माणूस त्या दिवशी पाहिलं.

फीटबरोबर पहिल्या पातळीचे दोन रिच्युअल मिळतात. त्यांनी फाइंड फॅमिलियर आणि डिटेक्ट मॅजिक घेतले. फाइंड फॅमिलियरला पितळी धुपाटण्यात दहा नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळाव्या लागतात. "मंगळवार पेठेत सगळं मिळतंय की," रोग म्हणाला. तो मंत्र रिच्युअल म्हणून केला तर वेळ एक तास दहा मिनिटं. नियमांचं पुस्तक फक्त आत्मा येतो म्हणतं, तो कोणता हे सांगत नाही. मी निर्णय दिला की तोच जुना येईल.

ताई म्हणाल्या, "मग आधी त्याला फोन लावा." पुण्याचा मुलगा बसमध्ये होता. फोन स्पीकरवर ठेवून मी सगळं सांगितलं. तो काही वेळ बोललाच नाही; मग एकदम विचारलं, "ताई, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस उतरवलं का?"

"अजून नाही."

"मग आधी ते उतरवा. खालच्या मजल्यावरचा शिलालेख आपण वाचलेलाच नाही, आणि घुबडाला तिथे एकटं पाठवू नका."

ताईंनी सोन्याची ५० नाणी वजा केली आणि मी खालच्या मजल्याचा नकाशा काढला.