सहावा गडी निवडताना पॉइंट शेवटी बघा

सीझन संपत आला की आमच्या सातारा-सांगलीच्या बास्केटबॉल जीएम (टीम चालवायचा सिम्युलेशन गेम, म्हणजे सिम) लीगच्या ग्रुपवर सहाव्या गड्यासाठी, म्हणजे बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम गड्याच्या पुरस्कारासाठी, मतदान सुरू होतं. निम्मे जण बेंचवरच्या पोरांची यादी पॉइंटच्या कॉलमवर लावतात आणि वरचं नाव टाकून मोकळे होतात. गेम स्वतः एक नाव जाहीर करतोच. तेवढंच करायचं असेल तर मतदान हवंच कशाला?

आधी स्टार्ट मोजा, म्हणजे पहिल्या पाचात उतरून खेळलेल्या मॅच. एकूण मॅचमधून स्टार्ट वजा केले की बेंचवरून खेळलेल्या मॅच उरतात, आणि त्या स्टार्टपेक्षा जास्त हव्यात. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्येही हाच नियम आहे. पण ८२ पैकी ४० स्टार्ट असलेला गडीही या नियमात बसतो, आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या पाचातला कुणी दुखापतीने बाहेर गेला की बेंचवरचा वर सरकतो आणि त्याचे आकडे फुगतात. सीझनची सरासरी हे लपवते, गेम लॉग (मॅचवार नोंद) लपवत नाही. लॉग उघडून फक्त बेंचवरच्या मॅचची सरासरी काढा. वेळखाऊ आहे, पण दोन-तीन नावांपुरतंच करायचंय. मधेच ट्रेड झालेल्याचे दोन्ही टीमचे आकडे एकत्र धरायला विसरू नका.

मग मिनिटं आणि नेम. समजा एकाचे ३१ मिनिटांत १८ पॉइंट आहेत, १५ शॉट आणि ३ फ्री थ्रो मारून. दुसऱ्याचे २१ मिनिटांत १३, ९ शॉट आणि ४ फ्री थ्रोवर. ट्रू शूटिंग (फ्री थ्रो धरूनचा नेम) काढायला फ्री थ्रोला ०.४४ ने गुणा, त्यात शॉट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि पॉइंटना तिने भागा. (०.४४ अशासाठी की बास्केटसोबत मिळालेला जादा फ्री थ्रो वेगळी पझेशन, म्हणजे बॉलची पाळी, खात नाही.) पहिल्याचं येतं ५५.१ टक्के, दुसऱ्याचं ६०.४. ३६ मिनिटांच्या हिशेबाने पहिला २०.९ वर, दुसरा २२.३ वर. माझं मत दुसऱ्याला. मात्र १२-१४ मिनिटं खेळणाऱ्याला हा हिशेब लावू नका. निकाल लागलेल्या मॅचच्या शेवटी, समोर राखीव गडी असताना केलेले पॉइंटही त्यात ३६ मिनिटांपर्यंत ताणले जातात.

प्लस-मायनसवर (गडी खेळत असताना टीमने केलेले पॉइंट वजा समोरच्यांनी केलेले) फार विसंबू नये. तगड्या टीमचा बेंचवाला बहुतेक वेळा चांगल्या साथीदारांच्या जिवावर प्लसमध्ये असतो. त्याची तुलना त्याच टीमच्या इतर बेंचवाल्यांशी करा, दुसऱ्या टीमच्या माणसाशी नको.

डिफेन्सवाल्याला आपल्याकडे कुणी विचारत नाही, हे मला खटकतं. एनबीएत १९८२-८३ ला हा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान फिलाडेल्फियाच्या बॉबी जोन्सला मिळाला. त्या सीझनला त्याची सरासरी दहा पॉइंटचीही नव्हती. नाव होतं ते डिफेन्ससाठी. पुढे वारं फिरलं आणि जमाल क्रॉफर्ड, लू विल्यम्स या पॉइंट करणाऱ्यांनी तीन-तीनदा तो नेला. सिममध्ये तरी स्टील, ब्लॉक आणि डिफेन्सिव्ह रीबाउंड हे तीन कॉलम बघा. टीमच्या पहिल्या पाचात नसलेली सिनर्जी (कौशल्यं एकमेकांना पूरक ठरल्याचा फायदा) बेंचवरून आणणारा, म्हणजे बॉल हँडलर (बॉल सांभाळून नेणारा) किंवा रिम प्रोटेक्टर (बास्केटजवळ शॉट अडवणारा), मी दोन जादा पॉइंटपेक्षा वर धरतो.

एक चलाखी सर्रास चालते. पुरस्कारासाठी स्टारलाच सहाव्या जागेवर ओढून ठेवतात. नियमात बसतं, पण त्याची मिनिटं टीममधल्या पाचव्या स्टार्टरपेक्षा बरीच जास्त असतील तर मी त्याला बाद धरतो.

मतदान प्लेऑफ सिम करायच्या (गेमकडून खेळवून घ्यायच्या) आधी बंद करा. फायनलमधल्या एका मॅचने डोकी फिरतात. आणि आपल्याच टीमच्या गड्याला मत नाही. सांगलीकर भडंगाची पुडी दाखवून मत फिरवायला बघतात, सातारकर कंदी पेढ्यांची. खायला हरकत नाही.