मालदीवला जाताय? बेट निवडताना आधी रीफ बघा

गेल्या फेब्रुवारीत मी, नवरा आणि माझी आई असे तिघं मालदीवला जाऊन आलो. जाताना एक रात्र विमानतळाजवळ आणि मग पाच रात्री एका रिसॉर्टवर. आराम करायला गेलो होतो आणि खरोखर आराम झाला. त्यामागे निघायच्या आधी महिनाभर केलेली डोकेफोड होती. ती तुम्हाला आयती मिळावी म्हणून हे लिहिते आहे.

मालदीवमध्ये एका बेटावर शक्यतो एकच रिसॉर्ट असतं. जेवण, दुकान, डॉक्टर, किनारा, सगळं त्या बेटावरच. नाही आवडलं म्हणून संध्याकाळी उठून दुसरीकडे जाण्याची सोय नाही. म्हणून बेटाची निवड हाच सगळ्यात मोठा निर्णय. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं. आज दीडशेहून जास्त आहेत, आणि फोटोंमध्ये सगळी सारखीच दिसतात: पांढरी वाळू, निळं पाणी, पाण्यावर खांबांवर उभ्या खोल्या. आठवडाभर आम्हीही खोल्याच बघत होतो. कुठली न्हाणी मोठी, कुठल्या खोलीला पोहण्याचा छोटा तलाव आहे, असं.

मग नवऱ्याने नकाशावर उपग्रहचित्र उघडलं आणि सगळी यादीच बदलली. वरून बघितलं की बेटाभोवती आधी फिकट, दुधाळ निळा पट्टा दिसतो. ते लगून, म्हणजे रीफच्या आतलं उथळ पाणी. त्याच्या कडेला अचानक गडद निळी रेघ सुरू होते. तिथे प्रवाळाची भिंत खोल उतरते आणि मासे असतात ते त्या कडेला. तिला तिथे हाउस रीफ म्हणतात. ही रेघ किनाऱ्यापासून किती लांब आहे ते नकाशावरच मोजता येतं. पन्नास मीटरच्या आत असेल तर पाय बुडवले की पाच मिनिटांत तुम्ही माशांमध्ये. चारशे-पाचशे मीटर असेल तर प्रत्येक वेळी बोट, आणि बोटीचे पैसे. काही रिसॉर्टं भर घालून तयार केलेल्या बेटांवर आहेत. दिसायला ती देखणी आहेत, पण काठाजवळ जिवंत प्रवाळ फारसं मिळत नाही. नुसतं वाळूत पडून वाचायचं असेल तर लगूनवालं बेट उत्तम, लहान मुलं बरोबर असतील तर जास्तच उत्तम. आम्हाला दोन्ही हवं होतं: आईसाठी एका बाजूला उथळ पाणी, आणि आमच्यासाठी दुसऱ्या बाजूला जवळ रीफ. असं बेट मिळतं, फक्त शोधावं लागतं.

अजून एक गोष्ट आम्ही रिसॉर्टला ईमेलने विचारली आणि तिचा फार उपयोग झाला: "आम्ही येऊ त्या महिन्यात वाळू कुठल्या बाजूला असते?" ही बेटं वाऱ्याबरोबर अंग बदलतात. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा कोरडा वारा, साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा पाऊसवारा. प्रत्येक मोसमात वाळू एका काठावरून सरकून दुसऱ्या काठावर जाते. फोटोत रुंद दिसलेला किनारा तुमच्या खोलीसमोर असेलच असं नाही. आम्हाला उत्तर नीट आलं आणि त्याप्रमाणे खोली मागून घेतली.

पाण्यावरची खोली की किनाऱ्यावरची? आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही किनाऱ्यावरची घेतली आणि निर्णय बरोबर ठरला. पाण्यावरच्या खोल्या लांबलचक लाकडी पुलाच्या टोकाला असतात. जेवायला जायचं तर उन्हातून चाला, नाहीतर बॅटरीच्या गाडीची वाट बघा. समुद्रात उतरायलाही शिडी. किनाऱ्यावर दार उघडलं की वाळू, दोन झाडं आणि पाणी. ही वाळू प्रवाळाची असल्याने भर दुपारीही पाय पोळत नाहीत.

आता जाण्यायेण्याचं. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग मात्र दाखवता आलं पाहिजे. इमुगा नावाचं ऑनलाइन घोषणापत्र विमानाच्या वेळेआधीच्या ९६ तासांत भरायचं, जाताना आणि परतताना दोन्ही वेळा. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर सरळ बंद करा. दारू, डुकराचं मांस आणि व्हेप (ई-सिगारेट) घेऊन जाऊ नका, कस्टम्समध्ये अडतं. विमानतळावरच्या दुकानातून घेतलेली बाटलीसुद्धा चालत नाही.

राजधानी मालेचं विमानतळ हेच मुळात एक बेट आहे. बाहेर आलं की समोर टॅक्सीच्या जागी बोटी. जवळची रिसॉर्टं स्पीडबोटीने गाठता येतात, लांबच्यांना सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीननंतर उतरत असेल तर त्या दिवशी सीप्लेन मिळणार नाही असंच धरून चाला. आमचं संध्याकाळी उतरत होतं, म्हणून विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर एक साधं हॉटेल घेतलं आणि सकाळी पुढे गेलो. ती लोकवस्ती आहे, तिथे अंगभर कपडे घालावेत. रिसॉर्टवरचे कपडे रिसॉर्टवरच.

सीप्लेनचं भाडं खोलीच्या भाड्यात धरलेलं आहे का, हे लेखी विचारून घ्या. आमच्या एजंटने दिलेल्या पहिल्या आकड्यात ते नव्हतंच. माणशी जाऊन-येऊन ४०० ते ६०० डॉलर ही बऱ्याच ठिकाणची गत आहे. तिघांचा हिशेब केल्यावर मी अक्षरशः खाली बसले. सामान माणशी २० किलो आणि हातात ५ किलो, त्यावर जादा आकार. जागा ठरलेल्या नसतात, आधी चढेल त्याला खिडकी. वैमानिक अनवाणी होता. आईला ते इतकं आवडलं की तिनेही चपला काढून पिशवीत ठेवल्या आणि पुढचे पाच दिवस त्या फारशा बाहेर आल्याच नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही काहीही केलं नाही. हे मी ठरवून सांगते आहे. पोचल्या पोचल्या तुमच्यासमोर सहलींची यादी ठेवली जाते: डॉल्फिन, सूर्यास्ताची बोट, मासेमारी, स्पा. "उद्या सांगतो" म्हणा. बेटाला एक चक्कर मारा. आमच्या बेटाला वीस मिनिटांत फेरी व्हायची. जेट्टीवर उभे राहा. तिथे रोज संध्याकाळी एक राखी बगळा यायचा आणि दिव्याखाली पुतळ्यासारखा उभा राहायचा. खाली घोटाभर पाण्यात हातभर लांबीची शार्कची पिल्लं फिरायची, पराच्या टोकाला शाईत बुडवल्यासारखा काळा ठिपका. माणसाची सावली पडली तरी ती पळतात, घाबरायचं कारण नाही. पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) मात्र वाळूत अंग गाडून बसतं, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावं.

आईचं वय अडुसष्ट, पोहता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भरतीचं पाणी चढत होतं. तिला तरंगायचं जॅकेट घातलं, मास्क लावला, आणि कमरेएवढ्या पाण्यात मी एका बाजूला, पाणक्रीडा केंद्रातली मुलगी दुसऱ्या बाजूला. आईने पाण्यात तोंड घातलं, लगेच वर काढलं. पुन्हा घातलं. मग बराच वेळ वर काढलंच नाही. माझा हात तिने घट्ट धरला होता, तो हळूहळू सैल झाला. खाली हिरवट-निळा पॅरटफिश प्रवाळाच्या दगडाला चोच मारत होता, आणि त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, कोणी शेजारी चणे फोडतंय असा. जरा पुढे गेल्यावर त्याच्या मागून पांढऱ्या भुकटीचा ढग निघाला. ती वाळू. हा मासा शेवाळासाठी प्रवाळ खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि वाळू करून टाकतो. मालदीवच्या बेटांवरची बरीचशी वाळू अशी तयार झाली आहे. किनाऱ्यावर येऊन हे सांगितलं तेव्हा आईने मूठभर वाळू उचलून नीट बघितली. "म्हणजे ही सगळी त्यांनी दळलेली?" त्यानंतर रोज सकाळी आमच्या आधी तीच तयार.

रीफवर जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण पाण्यात चूक महागात पडते. भरती-ओहोटीच्या वेळा पाणक्रीडा केंद्रावर लिहिलेल्या असतात, त्या बघूनच उतरा. ओहोटीला रीफवर इतकं कमी पाणी असतं की पोट घासतं, आणि तुमच्या पायाखाली वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ मोडतं. उतरण्यासाठी केलेली वाट विचारा आणि तिथूनच आतबाहेर करा. पाण्याला ओढ किती आहे हे माशांवरून कळतं: सगळे एकाच दिशेला तोंड करून जागच्या जागी पोहत असतील तर ते प्रवाहाच्या विरुद्ध उभे आहेत. आधी त्यांच्या तोंडाच्या दिशेने जा, म्हणजे दमल्यावर परत येताना प्रवाहच तुम्हाला आणतो. एकट्याने उतरू नका. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घ्या. पाठीवर क्रीम टिकत नाही, आणि क्रीम जितकी कमी लागेल तितकं प्रवाळालाही बरं. मास्क घरून नेलात तर चेहऱ्याला बसणारा मिळतो.

प्रवाळाबद्दल मनाची तयारी मात्र ठेवा. समुद्र तापल्यामुळे इथलं प्रवाळ १९९८, २०१६ आणि २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. आम्हाला राखाडी, मोडक्या फांद्यांचे ढीग दिसले, बघून वाईट वाटलं. त्याच ढिगात बोटभर नवे जांभळे कोंबही होते. मासे भरपूर, एक कासव दोनदा दिसलं. मांटा, म्हणजे प्रचंड मोठे पाकट, बघण्याची हौस असेल तर बा अटॉलमधला (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू उपसागर जून ते नोव्हेंबरमध्ये गाठा, तेव्हा पाऊस-वारा सोसावा लागेल.

जेवणाची योजना निवडताना एवढंच बघा की पाणी आणि चहा त्यात आहे का. फक्त नाश्ता घेऊ नका, बेटावर दुसरं हॉटेल नाही. आम्ही तिन्ही जेवणं घेतली. आई शाकाहारी, तसं आधी कळवलं होतं. तिथला नाश्ता म्हणजे मास हुनी: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी म्हणजे आपल्या पोळीची बहीण. आचाऱ्याने आईला ट्यूना वगळून रोज करून दिलं.

बिलाचं गणित आधी समजून घ्या. दर डॉलरमध्ये असतात, त्यावर १० टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर १७ टक्के कर (१ जुलै २०२५ पासून). म्हणजे यादीतलं १०० डॉलरचं मालिश १२८ डॉलर ७० सेंटला पडतं. शिवाय रिसॉर्टवर माणशी रात्री १२ डॉलर हरितकर. आम्हा तिघांचा पाच रात्रींचा १८० झाला. स्पा मी एकदाच घेतला. खरं सांगायचं तर झाडाखालच्या झुल्यात पडून जास्त बरं वाटलं, आणि तो फुकट होता.

बारीकसारीक: तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. मालेचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ तासभर पुढे ठेवतात, त्यामुळे परतीची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारा. किनाऱ्यावरचे शंख उचलू नका, रात्री त्यातले बरेच चालायला लागतात; आत खेकडे असतात. प्रवाळाचा तुकडा देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. परतीच्या सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळते, म्हणून मुंबईचं विमान दुपारनंतरचं घ्या.

आम्हाला सीप्लेन सकाळी साडेनऊचं मिळालं. आईला खिडकी दिली. विमान वळलं तेव्हा अख्खं बेट खाली आलं, फिकट पट्टा आणि त्याच्या काठाची गडद रेघ, महिन्याभरापूर्वी नवऱ्याच्या फोनवर बघितली होती तशीच. आईने काचेवर बोट ठेवलं. "तो बघ तो रंग बदलतो ना, त्याच्या अलीकडे. तिथे होता माझा मासा."