तुम्ही विचारलंत म्हणून: न ऐकता नुसत्या कव्हरवरून कसं कळतं?

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं. कुणाकडे रेकॉर्ड्स किंवा सीडी चाळत असले आणि सहज बोलून गेले की हा साठच्या दशकातला जॅझ दिसतोय, किंवा हे मेटल आहे आणि चांगलंच कडक आहे, की समोरून येतंच, "ऐकलंयस का आधी? मग कसं कळलं?"

खरं सांगू का, कव्हरवरून मला म्युझिक कळत नाहीच. कळतं ते एवढंच की हे कव्हर करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर गिऱ्हाईक कोण होतं. एकदा गिऱ्हाईक कळलं की आतलं म्युझिक काय असेल याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, त्यात जादू काही नाही.

आधी तर रेकॉर्डला कव्हर असं नसायचंच फारसं, साधं ब्राऊन पाकीट नाहीतर जाड पुठ्ठ्यावर नुसतं नाव. 1940 च्या आसपास कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण डिझायनरने चित्रं टाकायला सुरुवात केली, आणि मग 1948 ला एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी रेकॉर्ड, आली, 12 इंचाची, म्हणजे दुकानात मांडायला केवढी मोठी जागा मिळाली बघा. तिथून पुढे प्रत्येक प्रकाराची आपली आपली वेशभूषा ठरत गेली. पण ती कुणी विचार करून ठरवली असं समजू नका, त्यात काटकसर आणि योगायोग भरपूर आहे.

ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीचंच घ्या. आज कुणाला "जॅझ वाटेल असं कव्हर कर" म्हटलं की तो जे करेल ते ब्लू नोटचंच असतं: ब्लॅक अँड व्हाइट फोटो, त्यावर एकच रंग चढवलेला, आणि अक्षरं अशी फेकलेली की तीच वाजतायत असं वाटावं. फोटो फ्रान्सिस वुल्फचे, डिझाइन रीड माइल्सचं, पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून पुढे दहा-एक वर्षं. आता गंमत अशी की लहान कंपनी, बजेट बेताचं, त्यामुळे पुष्कळ कव्हर्स दोनच रंगांत छापलेली, आणि माइल्स साहेबांना स्वतःला जॅझचं फारसं वेडच नव्हतं, ते क्लासिकलवाले. तरी ते रूप जॅझला असं चिकटलं की आजही कॅफेच्या प्लेलिस्टपर्यंत तेच चालू आहे.

पण गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवणं म्हणजे काय, हे बघायचं तर त्याच काळातली अमेरिकेतली दुसरी कव्हर्स बघा, आणि ती बघताना मला दरवेळी चीड येते. 1957 ला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'माइल्स अहेड' आला तर कव्हरवर शिडाच्या बोटीत बसलेली गोरी मॉडेल! वाजवणारा काळा, रेकॉर्ड त्याची, आणि तोच कव्हरवर नाही. तो भडकला, आणि नंतरच्या आवृत्त्यांवर त्याचा स्वतःचा फोटो आला. पुढे 1961 च्या एका अल्बमवर त्याने आपली बायको फ्रान्सिस टेलर हिचाच फोटो लावून घेतला. पण सगळ्यांचं असं चालत नव्हतं. ओटिस रेडिंगच्या 1965 च्या 'ओटिस ब्लू'वर सोनेरी केसांची बाई आहे, आयझली ब्रदर्सच्या 1966 च्या एका अल्बमवर समुद्रकिनाऱ्यावरचं गोरं जोडपं. आत मात्र काळ्या कलाकारांचं अस्सल सोल म्युझिक. म्हणजे कव्हर इथे आतल्या म्युझिकबद्दल चकार शब्द बोलत नाहीये, ते फक्त गोऱ्या गिऱ्हाइकाला सांगतंय की घाबरू नका, हे तुमच्या घरात चालेल. त्यामुळे कव्हर "म्युझिकचा आरसा" वगैरे असतं असं कुणी म्हणालं की मी ही तीन कव्हर्स पुढे करते.

क्लासिकलमध्ये भांडण वेगळं, तिथे प्रश्न असतो की नाव कुणाचं मोठं. डॉइचे ग्रामोफोन या जर्मन कंपनीच्या पिवळ्या पट्टीखाली ऑर्केस्ट्राचा कंडक्टर करायान डोळे मिटून उभा आहे, म्हणजे घेणारा माणूस करायानसाठी घेतोय, बीथोवनच्या त्याच सिंफनीची त्याच्याकडे आधीच दोन रेकॉर्डिंग्ज असतील. याउलट नॅक्सोस, 1987 ला हाँगकाँगमध्ये सुरू झालेली स्वस्त सीडीची कंपनी, पांढरं कव्हर, वर ठळक संगीतकाराचं नाव, मध्ये एखादं जुनं पेंटिंग, आणि वाजवणारे कोण ते बारीक अक्षरात. का, तर त्यांचं गिऱ्हाईक म्हणतं मला विवाल्डी पाहिजे, कुणी वाजवलाय ते राहू दे.

आणि काही कव्हर्स माणसं बोलावण्यासाठी नसतातच, हाकलण्यासाठी असतात. ब्लॅक मेटल, म्हणजे मेटलमधला एक टोकाचा प्रकार, त्याच्या बँड्सचे लोगो बघा, झाडाच्या मुळ्या एकमेकांत गुंतल्यासारखी अक्षरं, बँडचं नाव वाचताच येत नाही. लोक हसतात की मग लिहिलंच कशाला. अहो, ज्याला वाचायचंय त्याला ते आधीच माहिती असतं, आणि ज्याला नाही त्याने पुढे जावं हाच तर निरोप आहे. पंकचं पण तेच, वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेली अक्षरं आणि डोळ्यात घुसणारा पिवळा-गुलाबी, 1977 चं सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं कव्हर जेमी रीडने केलेलं. हे नीटनेटकं केलं असतं तर विश्वासच बसला नसता.

इथेच तो काळा-पांढरा 'पॅरेंटल अ‍ॅडव्हायझरी'चा शिक्का पण आठवा. 1985 ला अमेरिकेत काही राजकारण्यांच्या बायकांनी गाण्यांमधल्या शिव्या आणि सेक्सवरून ओरड केली आणि कंपन्या इशारा छापायला तयार झाल्या, 1990 पासून सगळ्यांचा एकसारखा लोगो. तो होता आईबापांसाठी. पण वाचला पोरांनी! रॅपच्या कव्हरवर तर तो कोपऱ्यात नसेल तर काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आता कुणीतरी म्हणेल की पिंक फ्लॉइड या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या 1970 च्या कव्हरवर तर नुसती गाय आहे, ना नाव ना काही, मग ते काय सांगतं? ते हेच सांगतं की आम्हाला ओळख करून द्यायची गरज वाटत नाही आणि तुम्हीही ओळख मागणाऱ्यातले नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्याला असं गोंजारलेलं फार आवडतं (मी पण त्यातलीच).

हल्ली मोबाइलवर कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं, त्यामुळे बारकावे गेलेत, राहिलेत चेहरा, रंग आणि दोन-तीन जाड अक्षरं. पण मला जास्त मोठा बदल वेगळाच वाटतो. लो-फाय (मागे हळू लावून ठेवायचं शांत म्युझिक) आणि तसल्या प्लेलिस्टची कव्हर्स बघा, हेडफोन घालून अभ्यास करणारी कार्टून मुलगी, पाऊस पडणारी खिडकी, दिवा, मांजर. इथे ऐकणारा कोण आहे, तरुण की म्हातारा, काळा की गोरा, बंडखोर की सभ्य, हे कव्हर विचारतच नाही. ते विचारतं तुम्ही आत्ता करताय काय. अभ्यास, झोप, की ऑफिसचं काम? आत पियानो आहे की गिटार हे मला त्या चित्रावरून अजिबात सांगता येत नाही, आणि ज्याने ते लावलंय त्यालाही ते सांगायचं नसतं.